यॉर्कशायरमध्ये डबलसीट

सगळा हिवाळा आमच्या घरात एकच वाद चालला होता. मुलगी मंजिरी इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमधल्या एका लहानशा गावात राहते. तिच्याकडे जायचं की नाही? मी पहिल्या दिवसापासून बॅगा झटकून तयार. विमल, म्हणजे आमची मंडळी, ठाम नकारावर.

कारण साधं होतं. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसतं, समोरचं पुसलेलं. "तुमचे कान तेवढे दिसतात," ती म्हणते, "आणि नेमके तेच कामाचे नाहीत."

विमल ओझरच्या शाळेत मास्तरीण होती आणि मी तिथल्याच विमानांच्या कारखान्यात. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडत असे. ती वर्गाला कविता चालीवर शिकवायची आणि मी फाटकाबाहेर उगाच चेन चढवायचं निमित्त करून ऐकत उभा राहायचो. कवितेचं वेड मला त्या फाटकाबाहेरच लागलं. डोळे गेल्यापासून मात्र तिचं गाणं बंद झालं. "गाताना समोर कुणाचा तरी चेहरा लागतो," म्हणाली. मग हळूहळू बाहेर पडणंही बंद झालं. भाजीला नाही, बहिणीकडे नाही. यॉर्कशायर बघायची मला हौस होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मला विमल कंपाउंडच्या फाटकाबाहेर आलेली बघायची होती.

"मी तिकडे येऊन काय बघणार?" ती फोनवर लेकीला म्हणाली.

"आई, बघायला नको येऊस. राहायला ये," मंजिरी म्हणाली.

विमलने पुन्हा नको म्हणायच्या आत मी तिकिटं काढली.

नाशिकहून मुंबई विमानतळ टॅक्सीने, कसारा घाटातून. आखातात विमान बदलून मँचेस्टर. वयस्कर मंडळींना एक सांगणं: तिकिटाबरोबरच व्हीलचेअर मागून ठेवा, लाज बाळगू नका; लांबलचक रांगा वाचतात. मँचेस्टर विमानतळाच्या पोटातूनच रेल्वे सुटते. डोंगर ओलांडून ती यॉर्कशायरच्या बाजूला उतरते. तिकीट आधी काढलंत तर स्वस्त, खिडकीवर ऐनवेळी काढलंत तर डोळे पांढरे होतात.

त्या डोंगरांवर झाड म्हणून नाही. नुसतं गवत, मेंढ्या आणि चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेले बांध. आपल्या नाशिकजवळच्या पेठ तालुक्यातले उतार पावसाळ्यात दिसतात तसे, फक्त भाताऐवजी मेंढ्या पेरलेल्या.

मंजिरीचं घर म्हणजे जुन्या कापड गिरणीच्या कामगारांसाठी बांधलेल्या दगडी घरांच्या रांगेतलं एक. अरुंद, उभं, जिना छातीवर आलेला. विमल तिसऱ्या दिवशी तो जिना न चाचपता चढू लागली. जावई नितीन मूळचा लासलगावचा. दुकानात कांदा हातात घेऊन तो असा उलटासुलटा करतो, की लिलावच पुकारणार आहे. "बाबा, हा कांदा नाही, हे फळ आहे," तो म्हणतो. "चिरताना रडू येत नाही, त्याला कांदा म्हणायचं?" घरातली इस्त्री तो करतो, डबे मंजिरी भरते, कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा हे नात रेवाच्या डोक्यात. संध्याकाळचं जेवण लख्ख उन्हात होतं, कारण मे-जूनमध्ये तिथे सूर्य मावळायचं नावच घेत नाही. बसचा ड्रायव्हर मला "लव्ह" म्हणाला. मी दचकलो. तिथे सगळेच सगळ्यांना म्हणतात, असं रेवाने समजावलं.

पण विमल घरातच. दारात खुर्ची टाकून बसायची. "तुम्ही जाऊन या, मला फोटो दाखवा," म्हणायची आणि मग स्वतःच विषय बदलायची.

एका सकाळी मंजिरीने रेवाला आणि आम्हाला घेऊन गाडी काढली. कुठे जायचंय ते सांगेना. जुना रेल्वेमार्ग उखडून तिथे आता सायकलींची वाट केली आहे. तिच्या तोंडाशी एक लोखंडी कंटेनर, आत तऱ्हेतऱ्हेच्या सायकली. त्यात दोन सीटांच्या, दोन हँडलांच्या जोडसायकली. ज्यांना दिसत नाही अशांना मागे बसवून फिरवणारा स्वयंसेवकांचा गट होता तो. पैसे घेत नाहीत. डबा ठेवलाय, मनाला येईल ते टाका.

गटाची मुख्य डोरीन. सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर बस चालवलेली बाई. आवाज असा की शेवटच्या सीटवरचाही उतरून जाईल. तिने आधी माझीच परीक्षा घेतली. पुढे मी, मागे ती, मोकळ्या आवारात गोल गोल. "बरा आहेस," म्हणाली. "आता बायकोला आण."

विमलने लेकीची ट्रॅक पँट आणि वर कुर्ता घातला होता. जन्मात पहिल्यांदा पँट! "ओझरला कळलं तर शाळेचं नाव घालवलं म्हणतील," ती पुटपुटली. मग सायकलीपाशी गेली, सीट चाचपली आणि दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, कॅरिअरवर बसायची तशी, आडवी बसू लागली.

डोरीन ओरडलीच. मंजिरीने मराठीत सांगितलं, "आई, पाय दोन बाजूंना. तुलाही पेडल मारायचंय."

"मी? मग हे काय करणार?"

मीही म्हणून गेलो, "अगं, तू नुसती पाय ठेव. ओढायला मी आहे ना."

मंजिरीने ते डोरीनला सांगितलं. डोरीनने कमरेवर हात ठेवले. तिचं म्हणणं थोडक्यात असं: मागचा माणूस म्हणजे सामान नव्हे, इंजिन आहे. पुढच्याकडे फक्त डोळे असतात. आणि पुढच्याचं खरं काम पाय मारणं नाही, बोलणं आहे. वळण, चढ, खड्डा, ब्रेक, सगळं आधी सांगायचं, कारण दोघांची पेडलं एकाच साखळीत असतात. एक थांबला आणि दुसऱ्याला ठाऊक नसलं, की दोघं आडवे.

बोलायचं काम! मला तर हर्षच झाला. निघालो. सुरुवातीला मी शहाण्यासारखं "डावीकडे", "चढ", "सुटला" असं म्हणत गेलो. मग दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांनी लगडलेली काटेरी झुडपं आली, खाली उतारावर कोकरं, दूर गिरणीची एकटी चिमणी. आणि माझ्यातला फाटकाबाहेरचा श्रोता जागा झाला.

"विमल, काय सांगू! झुडपं अशी फुललीत, जणू रात्री कुणी भाताच्या लाह्या उधळल्यात. आणि कोकरं, जणू ढगाचे तुकडे वाऱ्याने खाली टाकलेत. आणि ती चिमणी, जणू वर्गाबाहेर उभा केलेला..."

पुढे वाट एका रस्त्याला छेदत होती, मध्ये लाकडी अडसर. मी पाय थांबवले, ब्रेक दाबला. सांगितलं काहीच नाही. विमल मागून जीव खाऊन पेडल मारत होती. सायकल डुगडुगली आणि आम्ही दोघं सावकाश, अगदी सन्मानाने, कडेच्या हिरव्या गचपणात कलंडलो.

ते खाजरं पान निघालं. तिथे त्याला नेटल म्हणतात. लागलं की आपल्या खाजकुइलीसारखी आग. विमलचे दोन्ही हात लाल. मागून सायकलवर येणाऱ्या रेवाने उडी मारून शेजारचीच रुंद पानं खुडली आणि आजीच्या हातावर चोळू लागली. जिथे खाजरं पान तिथेच त्याच्या औषधाचं पान उगवतं, हे तिथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं.

विमल गवतात बसूनच बोलली. "काय बोलत होतात हो?"

"तुला दिसावं म्हणून सांगत होतो."

"मला लाह्या नकोत आणि ढगही नकोत. मला खड्डा सांगा!" तिचा आवाज कापत होता. "तुम्ही आपल्या आनंदात सांगत असता. मी अंधारात पाय मारत असते. घरीही हेच करता. चालताना आभाळाचं वर्णन, आणि मी पायरीला ठेचकाळते. म्हणून बाहेर येत नाही मी. समजलं?"

नाही, समजलं नव्हतं. इतके दिवस मी समजत होतो की तिला जगाचा वीट आलाय.

परत गाडीत बसलो. माझ्या मनात आलं, झालं. आता ही उरलेले सगळे दिवस खुर्चीतून उठत नाही. पण दोन दिवसांनी सकाळी विमल ट्रॅक पँट घालून खाली आली. "मंजिरी, मला त्या ओरडणाऱ्या बाईकडे सोड. तिच्यामागे बसते मी."

"आणि बाबा?"

"बाबांना कॅमेरा घेऊ दे. फोटोला कविता सांगितली तर फोटो पडत नाही."

मी वाटेच्या कडेला उभा राहून फोटो काढले. डोरीनला मराठी येत नाही, विमलचं इंग्रजी शाळेपुरतं. पण डोरीन नुसतं "लेफ्ट, बम्प, ब्रेक, गुड गर्ल" एवढंच ओरडायची, आणि ती जोडी सणसणत माझ्यासमोरून जायची. एका फोटोत विमलचा चेहरा नेमका पकडला. रात्री तिने विचारलं, "काय आलंय?"

मी म्हणालो, "जणू..."

"जणू नको. काय आलंय?"

मी फोटोकडे नीट बघितलं. "तोंड उघडं आहे. वरचे दात दिसतायत. केस कपाळावर चिकटलेत. हनुवटीला चिखल आहे. तू हसतेयस."

तिने हनुवटीवरून हात फिरवला. "हे दिसलं मला," म्हणाली.

त्यानंतर मी रोज सराव सुरू केला. रेवाला डोळे मिटायला लावायचं आणि मी तिला दुकानापर्यंत न्यायचं. "खांब. पायरी खाली. कुत्रा, बांधलेला." जास्तीचा शब्द आला की रेवा "आजोबा, दंड!" म्हणायची आणि दंड म्हणून मला तिच्यासाठी फिश-अँड-चिप्स घ्यावे लागायचे. (गावातल्या दुकानातून कागदात गुंडाळून घ्या, वर व्हिनेगर मारायला सांगा. एक पुडा दोन नाशिककरांना पुरतो.)

रविवारी बागेत बँड होता. या खोऱ्यात गावोगावी पितळी वाद्यांचे बँड आहेत. पूर्वी गिरणी-खाणीतले कामगार वाजवायचे, आता शेजारी-पाजारी, शिक्षक, पोरीसोरी. आमची रेवा त्यात कॉर्नेट, म्हणजे लहानशी तुतारी वाजवते, बाजूला पंच्याहत्तरीचे आजोबा भलामोठा ट्यूबा घेऊन. पितळेचा पहिला सूर निघाला आणि विमल माझ्या कानाशी म्हणाली, "वरात कुणाची?" पितळ वाजलं की पुढे घोडा असणारच, हा आपला हिशेब! पण मग त्यांनी एक संथ प्रार्थना घेतली. सूर खालून असा भरत आला, की आमच्यामागचे चिप्स खाणारेही थांबले. विमलचं बोट मांडीवर ठेका धरत होतं. चौथीच्या वर्गापुढे टेबलावर धरायची तसं. मी काही बोललो नाही. हल्ली मला ते जमू लागलं होतं.

परतायच्या आदल्या दिवशी ती डोरीनला म्हणाली, "टुडे, हजबंड." डोरीनने माझ्याकडे बसच्या बिनतिकिट प्रवाशाकडे बघावं तसं बघितलं.

मी बोललो ते एवढंच. "निघतोय. डावा पाय. सरळ. खडी आहे, हादरेल. चढ. अडसर येतोय, थांबतोय, थांबलो." पाय टेकले. मागून सुस्कारा आला. पुन्हा निघालो. पुढे लांब सरळ पट्टा होता, जंगलातून. रानलसणाचा वास इतका दाट की फोडणी बसल्यासारखा. मी "सरळ आहे, बरीच लांब" म्हणालो आणि गप्प झालो.

मागून गुणगुण आली. आधी मला वाटलं साखळीच वाजतेय. मग चाल ओळखली. ओझरच्या वर्गातली, पोरं पाय आपटायची ती. हळूहळू शब्द आले, आवाज फुटला, फाटला, पुन्हा लागला. तिच्या ठेक्यावर पेडलं फिरू लागली आणि माझे पाय नकळत त्या तालात आले. समोर चेहरा नव्हता तिच्या. माझी पाठ होती फक्त.

"पूल येतोय," मी मध्येच म्हणालो. "आवाज घुमेल."

पुलाखाली तिने मुद्दाम वरचा सूर लावला. पलीकडून येणारा एक माणूस कुत्र्यासकट कडेला थांबला, त्याने टोपी काढली.

नाशिकला येऊन आता बरेच दिवस झाले. कुणी विचारलं, तिकडे काय बघावं, तर मी सांगतो: बांध बघा, बँड ऐका, एकदा तरी पाऊस अंगावर घ्या. चांगला रेनकोट न्या, छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही. आणि सायकल भाड्याने मिळते, घ्या. मोटारवाले मागे शांतपणे थांबून राहतात, हॉर्न नाही, शिवी नाही. मला आजही ते आठवलं की डोळे भरतात, विशेषतः इथल्या कॉलेज रोडच्या गर्दीत.

फोटो भरपूर आणलेत. पण खरं आणलं ते दुसरंच. आम्ही रोज सकाळी बाहेर पडतो. विमलचा हात माझ्या कोपराला, आणि माझं चालू, "पायरी. खडी. रिक्षा, उभी. गाय, उजवीकडे." शेजाऱ्यांना वाटतं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. वाटू दे. भाजीवालीने परवा विचारलं, "मावशी, लय दिवसांनी? कुठं होत्या?" विमल म्हणाली, "सायकल शिकायला गेले होते."

काल नदीकडे गेलो होतो. वर ढग दाटलेले, पलीकडच्या घाटावर ऊन. विमल म्हणाली, "आज एक 'जणू' चालेल. एकच."

इतक्या दिवसांची उपासमार. मी आभाळाकडे बघितलं, नदीकडे बघितलं, घसा साफ केला. आणि मग पुढच्या पावलाकडे बघितलं.

"गटाराचं झाकण उघडंय," मी म्हणालो. "उजवीकडून ये."

"शाब्बास," विमल म्हणाली.