साहेबांचा केक

साहेब खायला घेऊन आला की नोकरी गेलीच, असं वेंडेल क्रॅब्ट्रीचं पक्कं मत होतं, आणि ते फुकाचं नव्हतं. टेनेसीतल्या त्याच्या गावातली कापडाची गिरणी मेक्सिकोला हलली, तेव्हा शेवटच्या शुक्रवारी साहेबांनी सगळ्यांना पिझ्झा चारला होता. पुढे फ्रिजच्या कारखान्यात डोनट आले, आणि ते संपायच्या आत सगळ्यांना बाहेर काढायला दाराशी पहारेकरी उभे राहिले. दोन्ही वेळा वेंडेलने पोटभर हाणलं होतं. त्याला जास्त चीड त्याचीच होती.

म्हणून गाड्यांचे गिअर बनवणारा जर्मन कारखाना आला तेव्हा गाव हरखलं, वेंडेल मात्र हातचं राखून मशीनदुरुस्तीच्या कामाला लागला. थोरले साहेब उल्रिख ब्रेमर कामगारांच्या रांगेत उभे राहून जेवण घ्यायचे, तेही त्याला खटकायचं. त्यात ब्रेमर म्हणाले, कामगारांनी आपले प्रतिनिधी निवडावेत, त्यांनी माझ्याबरोबर बसून निर्णय घ्यावेत.

"साहेबच म्हणतोय, या, माझ्या डोक्यावर बसा," वेंडेल शेजारच्या मशीनवरच्या क्लोव्हिसला म्हणाला. "काहीतरी शिजतंय बघ."

"त्यांच्याकडे तशी रीतच आहे म्हणे. तू उभा राहा की."

"मी नाही फसायचा. तूच हो पुढारी."

क्लोव्हिस खरंच उभा राहिला आणि निवडून आला.

हिवाळ्यात गाड्यांचा खप आटला. ब्रेमरांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, एकालाही काढणार नाही. साहेबलोकांसकट सगळेच कमी तास काम करू. घरी नादीनला, म्हणजे बायकोला, हायसं वाटलं.

"अगं, आधी तास कापतात, मग माणसं," वेंडेल म्हणाला. त्याने गावाबाहेरच्या गोदामात नोकरीसाठी गुपचूप शब्द टाकून ठेवला. पगार कमी होता, पण हाकलून दिलेल्या माणसाला तेवढाही मिळत नाही.

आणि मग एका शुक्रवारी ब्रेमर हातात भलाथोरला ट्रे घेऊन आले. त्यात घरी भाजलेला चेरीचा केक होता. वेंडेलने केकला हात लावला नाही. लोक मिटक्या मारत असताना तो पुढे गेला आणि त्याने आपला बिल्ला टेबलावर ठेवला.

"तुम्ही सांगायच्या आत मीच निघालो, साहेब. या खेपेला तुमचं खाऊन जाणार नाही."

ब्रेमर काही विचारायच्या आत वेंडेल ताठ मानेने बाहेर पडला. साहेबाच्या आधी आपण पाऊल उचललं, या आनंदात त्याने घरापर्यंत शीळ घातली.

संध्याकाळी क्लोव्हिस दारात. "अरे येड्या, त्यांचा वाढदिवस होता."

"मग केक आपण आणायचा. त्यांनी कशाला?"

"त्यांच्याकडे ज्याचा वाढदिवस, तोच वाटतो."

वेंडेल खालीच बसला. शनिवार-रविवार नादीन त्याच्याशी बोलली नाही. रविवारी चर्चमध्येही त्याचं लक्ष लागलं नाही. सोमवारी अभिमान गिळून दुपारी तो ब्रेमरांसमोर उभा राहिला.

"चूक झाली, साहेब. मला परत घ्या."

ब्रेमरांनाही ते जड जात होतं. "क्रॅब्ट्री, माझ्या एकट्याच्या हातात असतं तर घेतलं असतं. तुमचे तास आज सकाळी बाकीच्यांत वाटले गेले. प्रतिनिधींनी मागणी केली, मी कबूल झालो. आता परत मागितले तर कुणाच्या तरी ताटातले काढावे लागतील."

"मागणी कुणी केली?"

"क्लोव्हिसनी."

वेंडेलला पटकन राग आला, पण तो काढायचा कुणावर ते कळेना. इथल्या, अमेरिकन साहेबाने हाकललं असतं, नाहीतर लहर लागली तर परत घेतलं असतं. निदान शिव्या घालायला एक माणूस तरी मिळाला असता. ब्रेमर तर त्याचा हात हातात घेऊन उभे होते.

बाहेर पडताना तो क्लोव्हिसच्या मशीनपाशी थांबला. क्लोव्हिसने मान वर केली नाही. दोन माणसांचं काम होतं त्याच्यापुढे, आणि तो मन लावून करत होता.