रानात सापडलेली पितळी नळी

मंडळी, दुपारपासून चैन नाही, म्हणून लिहितोय.

सकाळी मेटल डिटेक्टर घेऊन मुरुडच्या वरच्या रानात गेलो होतो. दर्ग्याच्या जुन्या वाटेवर, एका वठलेल्या झाडाच्या बुंध्याशी बोटभर लांब पितळी नळी सापडली, वर वाकवलेली सळई, तिची दोन्ही टोकं नळीत घट्ट रुतलेली. आत काहीतरी दडवलेलं असणार, असं वाटून घरी येताच हातोडीने फोडली. आत नुसती गंजलेली स्प्रिंग!

तुकडे शेजारच्या हमीदा खालांना दाखवले. त्यांच्या घरचे पुरुष तीन पिढ्या जहाजावर. मुलगा आत्ताही समुद्रातच आहे.

"अरे, हे मन्नतीचं कुलूप हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या दादीच्या वेळी, एकोणीसशे तीसच्या आसपास, नवरा बोटीवर गेला की बाई दर्ग्याच्या वाटेवरच्या झाडाला कुलूप लावायची. चावी जपून ठेवायची. तो परत आला की दोघं जाऊन उघडायची."

मग हळूच विचारलं, "तुला गावलं तेव्हा बंद होतं की उघडं?"

बंद होतं. घट्ट बंद.

"उघडं होतं, खाला," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे आला तो!"

तेव्हापासून तुकडे समोर घेऊन बसलोय. खरं सांगू का त्यांना?