दोन विभागांत वाटलेला माझा नवरा

मॅडमनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि मुलांना म्हणाल्या, "ह्या आपल्याच मजल्यावर सफाई करतात. शिक्षण चौथी. विचारा काय विचारायचं ते. घाबरू नका, मराठीत विचारा."

घाबरू नका असं त्या मुलांना म्हणाल्या. मला नाही.

माझ्या हातात पोछा होता. तो कुठे ठेवायचा कळेना, म्हणून तसाच धरून उभी राहिले. एका मुलीने मोबाइल वर केला. मॅडम म्हणाल्या, "फोटो नको. ह्यांची ओळख गुप्त ठेवायची आहे." साठ जणांसमोर मी उभी, आणि ओळख गुप्त.

मी ह्या विद्यापीठात कंत्राटावर सफाई करते. नायगावच्या चाळीत जन्म गेला, आता ती पाडायला घेतल्यापासून ट्रान्झिट कॅम्पातल्या तात्पुरत्या खोलीत मुलीबरोबर राहते. ह्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या समाजशास्त्र विभागाने आणि तिसऱ्या मजल्यावरच्या अर्थशास्त्र विभागाने एक विषय भागीत शिकवायला घेतला होता. कष्टकऱ्यांचं शहर, असं काहीतरी नाव. पहिले दोन घटक मॅडमचे: जात आणि कुटुंब. पुढचे दोन वरच्या सरांचे: मजुरी, आणि कामावरचे धोके. मुलं तीच. आधी खाली शिकायची, मग वर. हे मला माहीत, कारण वेळापत्रकाचे कागद दोन्ही मजल्यांवर मीच चिकटवले होते.

मुलांना एखाद्या वस्तीत न्यायचं ठरलं होतं. ते कोणी करायचं, खालच्यांनी की वरच्यांनी, ह्यावर त्यांचं जमलं नाही. मग वस्तीच्या जागी मला बोलावलं.

"घरी कोण कोण?"

"मी आणि मुलगी."

"जात?"

"बौद्ध."

मॅडम मध्येच म्हणाल्या, "म्हणजे आधीची विचारतोय ती."

मी आधीची सांगितली. सगळ्यांनी लिहून घेतली.

"मिस्टर?"

"वारले."

"कशाने?"

"लिव्हर खराब झालं."

पुढच्या बाकावरची मुलगी अगदी प्रेमाने म्हणाली, "काकू, प्यायचे का ते?"

मी मान खाली घातली. माहेरी मला मुकी म्हणायचे, इतकी मी लाजाळू. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. लोक बघायला लागले की मी पायांकडे बघते. त्या दिवशीही तेच केलं. वर्गात पेनं चालू झाली. मॅडम म्हणाल्या, "जाऊ द्या, त्यांना त्रास होतोय." मला बाहेर सोडलं. चहा दिला, कागदी कपात. स्वतः काचेच्या कपात घेतला.

माझा नवरा परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डातला कचरा उचलायचा. सुया वेगळ्या डब्यात टाकायच्या असतात. कोणीतरी एक पिशवीत टाकली. ती त्याच्या तळहातात घुसली. त्याने नळाखाली हात धरला आणि उरलेला वॉर्ड उचलला. तीन महिन्यांनी डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, रक्तातून आलेली कावीळ आहे. महिनाभरात गेला.

दारूला तो कधी शिवला नाही. मित्र म्हणायचे, "ह्याला बरोबर नेला की आमचा सोडा संपतो."

एवढं मला सांगता आलं असतं. दोन वाक्यं. मी पायांकडे बघितलं.

सुट्टीनंतर माझी पाळी तिसऱ्या मजल्यावर लागली. वर्ग झाडताना बाकाखाली छापलेला कागद मिळाला. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मराठीतून. घटक दोन. उदाहरण. सफाई कामगार महिला, शिक्षण चौथी, अनुसूचित जाती, एक अपत्य. पती व्यसनी. अतिमद्यपानाने मृत्यू. तो मोठा शब्द मी तोडून तोडून वाचला. मग जिन्यात बसले.

माझ्याबरोबर काम करणारी सुशीला मालवणची. तिने कागद बघितला. "ह्या तुझ्याबद्दलच आसा मगे?"

"नाव नाहीये त्यात."

"नाव कित्याक होया? चौथी शिकलेली ह्या बिल्डिंगीत दुसरी कोण आसा? मी सातवी शिकलंय."

मी हसले, आणि हसताना रडायला आलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनच्या दारात उभी राहिले. कागद पुढे केला, म्हटलं, हे खोटं आहे. मॅडम गोड बोलतात. म्हणाल्या, "अहो, ते उदाहरण आहे. तुम्ही नाही."

"मग तो कोण मेला?"

त्यांनी चष्मा काढला. "माझा भाग आता संपलाय. सगळे कागद वरच्या विभागाकडे गेले. तुम्ही सरांना भेटा."

वर गेले. सर म्हणाले, "बरं झालं आलात, मावशी. तुम्हाला बोलावणारच होतो. आता आमच्या भागासाठी." आणि हाताने वर्गाकडे वाट दाखवली. मी काही बोलायच्या आत आम्ही आत होतो. तीच मुलं. सरांनी तोच कागद उचलला आणि माझी ओळख म्हणून मोठ्याने वाचायला लागले. शिक्षण चौथी. पती व्यसनी.

माझी नजर पायांकडे गेली. तरी म्हटलं, "सर, ती ओळ खोटी आहे."

"कुठली?"

"दारूची. तो पीत नव्हता. हॉस्पिटलात कचरा उचलताना सुई लागली त्याला. ही ओळ खोडा, खरं लिहा. मग विचारा काय विचारायचं ते."

सरांनी कागद खालीवर बघितला. "हे घटक दोनमध्ये आहे. तो आमच्या विभागाचा नाही. दुसऱ्यांनी तयार केलेलं मी कसं खोडू?"

"पण तो कामावर मेला. कामावरचे धोके तुमच्याकडे आहेत ना?"

मागे कोणीतरी हसलं. पुढच्या बाकावरची ती मुलगी लिहायची थांबली.

"मावशी, तुम्ही फार मनाला लावून घेता. आता फक्त कामाचे तास सांगा."

"नाही सांगत."

"काय?"

"नाही सांगत म्हटलं."

आणि बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या माणसांत बोलले, आणि बोलून कोणी मेलं नाही. माझा माणूस एकदा सुईने मेला, आणि मी गप्प बसले तेव्हा दुसऱ्यांदा मेला. हे मला त्या जिन्यात कळलं.

संध्याकाळच्या आत कंत्राटदाराच्या सुपरवायझरला निरोप गेला. तो म्हणाला, "लेक्चर द्यायला लागलीस? वडाळ्याच्या साइटवर टाकतो. तिथे कोणी बोलवायचं नाही वर्गात." टाकू दे. वडाळ्याहून इथे बस येते.

काल जिन्यात दोन मुली परीक्षेचं पाठ करत होत्या. एक विचारत होती, दुसरी सांगत होती. पती व्यसनी. अतिमद्यपानाने मृत्यू. तिने दोनदा म्हटलं, म्हणजे पक्कं होईल.

अर्ज मी लिहिला आहे. मुलगी म्हणाली, मी टाइप करून देते. नको म्हटलं. माझ्या अक्षरात जाऊ दे. वर दोन्ही विभागांची नावं एका ओळीत घातली आहेत. मॅडम म्हणतील वर जा, सर म्हणतील खाली जा. आता मी जिना चढणार नाही आणि उतरणारही नाही. विषय दोघांनी मिळून वाटून घेतला, तर खोटंही दोघांनी मिळून खोडायचं. एकाच कागदावर, दोघांच्या सह्या, परीक्षेच्या आधी.

माफी नको आहे. चहाही नको.

नाही खोडलं, तर परीक्षेच्या सकाळी मी वर्गाच्या दारात उभी राहणार. झाडू न घेता. आत जाणाऱ्या एकेकाला थांबवून सांगणार: तो दारूने मेला नाही. तुमच्यासारख्यांनी चुकीच्या पिशवीत टाकलेल्या सुईने मेला. लिहायचं तर हे लिहा.