जेवणाच्या सुट्टीपर्यंत

आमच्या गल्लीत दिवसा कोणी बोलत नसे, हातवारे करत. सोलापूरच्या पूर्व भागातली ती गल्ली. दोन्ही अंगांना यंत्रमागांचे कारखाने, आणि कारखाना म्हणजे तरी काय, पत्र्याची शेड आणि तिच्यात आठ माग. सकाळी आठला ते सुरू झाले की एक वाजता जेवणाची सुट्टी होईपर्यंत शेजारच्याला शिवी दिली तरी ती त्याला ओठांवरून वाचावी लागे. मला ही सोय फार आवडायची. नाटकाचं वेड असलेल्या माणसासमोर अख्खी गल्ली फुकटात मूकनाट्य करते आहे, अजून काय पाहिजे? मी तेव्हा पंचविशीत होतो, एका सूतव्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होतो, आणि गल्लीतला एकुलता एक टेलिफोन माझ्या टेबलावर होता. त्यामुळे मी स्वतःला कलेक्टरच्या खालोखाल समजत असे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. पेढीसमोरच्या शेडला लागून एक खोली होती. तिथे अक्का आणि तिचे वडील राहत. अक्का चाळिशीची, बिनलग्नाची, घरात तेलुगू आणि दारात मराठी बोलणारी. विड्या वळून घर चालवायची. वडिलांना सगळी गल्ली तात्या म्हणे. जन्मभर हातमागावर बसून त्यांची छाती कामातून गेली होती. दम्याचा मोठा झटका आला की त्यांना पाठीमागून धरून ताठ बसवावं लागे, सोडलं की जीव घुसमटे. डॉक्टरांनी अक्काला बजावलं होतं, ओठ निळे दिसले की थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात आणायचं. आगीच्या बंबखान्यात रुग्णांसाठी एक गाडी असे आणि तिच्यात प्राणवायूचं नळकांडं. फक्त एक फोन करायचा होता. तो फोन अक्काच्या दारापासून वीस पावलांवर होता. पण ती तात्यांना धरून बसलेली असताना वीस पावलं चालणार कोण, आणि मागांच्या त्या खडखडाटात तिची हाक ऐकणार कोण?

पहिल्या झटक्याला एका भाजीवालीने सहज दारातून आत डोकावलं म्हणून निभावलं. नाहीतर समोर मी बसलेलो, शेडमध्ये आठ धट्टेकट्टे कामगार, आणि अक्का अर्धा तास ओरडत होती.

मग मी डोकं चालवलं. शेडचं मेन स्विच नेमकं अक्काच्या भिंतीपलीकडे होतं. वायरमनला चहा पाजून भिंतीला भोक पाडलं, स्विचच्या दांड्याला दोरी बांधली आणि तिचं टोक तात्यांच्या खाटेशी आणून सोडलं. अक्काने दोरी ओढली की आठही माग बंद. कामगार तिच्याकडे धावणार, मी समोरून शेड गप्प झालेली ओळखून फोन उचलणार. आधी बंबखान्यात जाऊन मी गल्लीचा नकाशा काढून दिला होता, आणि तिथल्या मुख्य जमादाराने भिंतीवरच्या फळ्यावर खडूने अक्काच्या घराची खूण लिहून ठेवली होती. दोरीचं मी रीतसर उद्घाटन केलं. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, भाषण ठोकलं. माग चालू असल्यामुळे भाषण कोणाला ऐकू आलं नाही, टाळ्या मात्र पडल्या.

आणि ती युक्ती चालली. दुसऱ्या झटक्याला शेड गप्प झाली, मी फोन केला, गाडी आली, तात्या चार दिवसांनी चालत घरी आले. पुढचा महिनाभर मी गल्लीतून छाती काढून फिरत होतो.

तिसऱ्या वेळी दोरी ओढली, फोन झाला, गाडीही आली, पण तेवढ्यात तात्यांचा श्वास आपोआप मोकळा झाला होता. ते खाटेवर बसून ड्रायव्हरला म्हणाले, आलाच आहात तर चहा घेऊन जा. ड्रायव्हर भला माणूस, हसला आणि चहा पिऊन गेला. कामगार मात्र हसले नाहीत. माग असा अचानक थांबला की आडवा धागा नेणारा धोटा मध्येच अडकतो आणि ताण्याचे धागे तुटतात. ते जोडत बसण्यात तासभर जातो, आणि त्यांची मजुरी विणलेल्या नगावर. एक जण जाता जाता म्हणाला, "म्हातारा लई गुणी हाय की. च्या पाजायला बोलावतोय." अक्काने ते ऐकलं. शेड बंद होती ना, त्यामुळे नीट ऐकू आलं.

एवढ्यावर हे मिटलं असतं. पण पुढे गणपती आले आणि मी नकलाकार होतो.

दोन बाकं जोडून केलेल्या रंगमंचावर मी तात्यांची नक्कल केली. आधी डोळे फिरवून छाती पिटणारे तात्या, मग पदर खोचून दोरी ओढणारी अक्का, मग तोंडाने आठ मागांचा खडखडाट आणि एकदम शांतता. मग धावत येणारे कामगार, घंटा वाजवत येणारी गाडी, आणि शेवटी खाटेवरून मान वर करून तात्या विचारतात, "साखर किती टाकू?" असा हशा मला पुन्हा कधी मिळाला नाही. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. तात्या स्वतः पहिल्या रांगेत बसून हसत होते, हसता हसता खोकत होते. अक्का बायकांच्या बाजूला होती. तोंडाला पदर लावून तीही हसली. मी पाहिलं ते. लोकांनी पुन्हा करायला लावलं आणि मी पुन्हा केलं, या वेळी अक्काला थोडी जास्त वेंधळी दाखवून.

त्या दिवशी तिच्या खोलीत तात्यांचे ओठ किती निळे होते ते मी कुठे पाहिलं होतं? मी पोचलो तेव्हा चहा चालला होता.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी पेढीवर होतो. समोरचे आठही माग नेहमीसारखे चालू होते. एक वाजला, सुट्टी झाली, एकेक शेड थांबत गेली. कामगार हात धुवायला बाहेर आले. तेव्हा अक्काची हाक ऐकू आली. मोठी नव्हती. घरात कोणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, अशा आवाजातली. माझं नाव घेऊन तिने "जरा येतोस का?" असं विचारलं.

मी आधी फोन केला आणि मग धावलो. तात्या तिच्या छातीशी टेकून बसलेले होते, मान कलंडलेली. दोरी खाटेच्या पायाशी लोंबत होती. हात लांब केला की मिळेल इतकी जवळ.

गाडी फार लवकर आली. बंबखान्याला कोणी नावं ठेवू नयेत. ड्रायव्हर तोच होता. त्याने नळकांडं आत आणलं, तात्यांच्या नाकाला नळी लावली, मनगट धरलं, आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग नळी काढून घेतली.

"त्रास कधीपासून होत होता?" त्याने अक्काला विचारलं.

"सव्वाबारापासून."

"आणि बोलावलंत एक वाजता?"

"सुट्टी होणारच होती की आता," अक्का म्हणाली. "म्हटलं, थोडं थांबावं. उगं आठ माणसांचं काम कशाला मोडायचं. मागच्यासारखं आपोआप बरं झालं असतं तर..." ती माझ्याकडे पाहत नव्हती. तात्यांच्या सदऱ्याचं बटण लावत होती. "तर पुन्हा हसले असते सगळे."

दारात ते आठ कामगार उभे होते, ओले हात तसेच धरून. त्यांतला एकही म्हणाला नाही की अक्का, आम्ही हसलो नसतो.

मी अक्काची माफी मागितली का? नाही. तेराव्याला जेवायला गेलो, तिने वाढलं, मी जेवलो. त्या वेळी मला वाटलं होतं, माफी मागितली म्हणजे नकलेमुळे हे झालं असं कबूल केल्यासारखं होईल. आता वाटतं, तेच तर करायचं होतं.

त्याऐवजी मी बंबखान्यात गेलो. मला वाटलं, फळ्यावरची खूण पुसून टाकायला सांगावं. जमादाराने ती केव्हाच पुसली होती. ड्रायव्हरने त्याला सगळं सांगितलेलं असणार. पण त्याने मला काही ऐकवलं नाही, फक्त विचारलं, तुमच्या गल्लीत असं आणखी कोणी म्हातारं-कोतारं, आजारी आहे का? फळ्यावर जागा आहे.

होती की. आमच्या गल्लीत म्हाताऱ्यांना काय तोटा. मी उत्साहाने घरोघर निघालो. शेवटच्या खोलीत केम गावाकडची एक म्हातारी राहायची, दुष्काळात मुलाबरोबर शहरात आलेली. मुलगा मागावर, सून बाहेर धुणीभांडी करणारी, म्हातारीला अधूनमधून चक्कर येऊन ती कोसळायची. मी तिला सगळं समजावून सांगितलं. फळा, गाडी, फोन. तुम्ही फक्त हो म्हणा, घराची खूण लिहून ठेवतो, निरोप पोचवायची सोय मी करतो.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. तोंडातली मिश्री थुंकली आणि हसली, अगदी मायेने हसली.

"न्हाय रं बाबा," ती म्हणाली. "तू माजं बी सोंग आणशील."

मी गळ्याची शपथ घेतली. पुन्हा कधी कोणाची नक्कल करणार नाही म्हणालो.

"शपथा कशाला घेतोस? चांगलं करतोस की तू. मी बी लई हसले व्हते तवा." आणि तिने पाय पसरून भिंतीला पाठ टेकली. "पडले तर पडले हितंच. तू जा, तुजा फोन वाजत असंल."