परातीएवढं पान
चिंच-गूळ लावलेल्या अळूवडीच्या वाफेचा वास आला की मला त्या वर्षीच्या महालक्ष्म्या आठवतात. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, म्हणून फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मी तीन वर्षं मागच्या भिंतीलगतच्या अळूला घालत आले होते, आणि आता त्याला अख्खी परात झाकेल एवढी पानं आली होती. सणाच्या सकाळी ती कापून आणली, तर वैजापूरहून आलेल्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "एवढं थोराड पान खाजणारच. पंगतीत सगळ्यांचे घसे धरतील, सूनबाई. औरंगपुऱ्याच्या बाजारातून दुसरी आण." काळ्या देठाचं अळू खाजत नाही म्हणून मी देठ दाखवले, तरी त्यांना पटेना. मग मीही हट्टाला पेटले. नैवेद्याआधी चाखून बघायची सोय नव्हती. वळकटी एवढी लांब झाली की तीन तुकडे करून उकडावी लागली. पंगत बसली आणि पहिली वडी मी त्यांच्याच ताटात वाढली. त्यांनी घास घेतला आणि जोरात ठसका लागला. सगळ्यांचे हात थांबले. घोटभर पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "मिरची लई झाली गं," आणि ताट पुढं सरकवलं, "अजून चार वाढ." निघताना दोन कंद ओल्या फडक्यात बांधून नेले. आज त्यांचा फोटो आलाय, स्वतःच्या अळूचं पान तोंडापुढं धरून. छानच आहे, पण त्यांचे दोन्ही खांदे बाहेर दिसतात. माझ्या पानाआड मी खांद्यांसकट मावले होते.