दुपारी येणारी मंजिरी

मी केमिस्ट्रीची शिक्षिका. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा टाकायला उठून जाणाऱ्यांपैकी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... पण दुसरीकडे कुठे सांगणार?

तेव्हा मी मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत शिकवत होते. पहाटे उठून डबा, मग स्कूलबस, तास, प्रॅक्टिकल. दुपारी घरी आलं की एसी लावून आडवं व्हायचं आणि संध्याकाळी पुण्याला फोन. आई गेल्यापासून बाबा कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये एकटेच असायचे. दुसरा मजला, समोरच्या दारात शेख काकू. बाबांचं डोकं माझ्यापेक्षा तल्लख होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकून सगळे पहिल्यांदा तेच विचारतात.

एकदा फोनवर बाबा म्हणाले, "दुपारी चहा न घेताच गेलीस."

मला वाटलं, टोमणा. माझं परदेशी राहणं त्यांना कधीच पटलं नव्हतं. मीही त्याच सुरात म्हटलं, "हो, घाईत होते."

"तेच म्हणालीस."

काही दिवसांनी पुन्हा. "आज आईची साडी नेसून आलीस, बरं वाटलं." या वेळी मात्र मी घाबरले. धायरीला माझा मावसभाऊ निखिल राहतो, तो त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. सगळ्या तपासण्या झाल्या, काहीही निघालं नाही.

मग एका दुपारी मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत असताना शेख काकूंचा फोन आला.

"मंजिरी, बाबांना घेऊन कुठे निघालीस गं? जिन्यात हाक मारली तर वळूनसुद्धा बघितलं नाहीस. आत्ता खाली रिक्षात बसलात, स्वारगेट म्हणालीस..."

"काकू, मी मस्कतला आहे."

अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "मग बाबांचा हात कोणी धरला होता?"

बाबा फोन उचलेनात. निखिल कामावरून तसाच बाईकने स्वारगेटला गेला. बाबा एसटी स्टँडवर बाकावर बसले होते — मांडीवर बॅग, शेजारी चहाचे दोन कप. दोन्ही रिकामे. निखिलने मला व्हिडिओ कॉल लावून दिला. बाबा स्क्रीनवर माझ्याकडे बघतच राहिले.

"तू गाडी लागली का बघायला गेलीस ना?"

"कुठली गाडी, बाबा?"

"ते कुठे सांगितलंस. आई वाट बघतेय, एवढंच म्हणालीस."

निखिलने त्यांना आपल्या घरी नेलं. मी मिळेल त्या विमानाने आले आणि परत गेले नाही, राजीनामा मेलवरच पाठवला. मी आल्यावर बाबा दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होते, पाहुण्यांशी बोलावं तसं. शेवटी न राहवून मी म्हटलं, "बाबा, मी रोज फोन करत होते ना?"

"करायचीस की," ते म्हणाले. "ती बसायची."

त्यानंतर बरेच महिने काही घडलं नाही. मग एका दुपारी आम्ही जेवून बसलो होतो आणि बेल वाजली. मी उठले तसं बाबांनी माझं मनगट धरलं. घट्ट.

"उघडू नकोस."

"का? कोण आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "तू परत आलीयस, ते तिला माहीत नाहीये."

बेल पुन्हा वाजली. निरीक्षण केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल. आमच्या दाराला आयहोल आहे. मी पाहिलं नाही. त्यामुळे माझ्याकडे निष्कर्षही नाही, आजही नाही. मी बाबांच्या शेजारी बसून राहिले, इतकंच.

थोड्या वेळाने समोरचं दार उघडल्याचा आवाज आला... आणि लगेच आतून कडी घातल्याचा. काकूंना मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.