भाच्याच्या पॉलिसीला नकार

माझ्या मिस्टरांची गोंदियाच्या राईस मिलमधली नोकरी ज्या दिवशी संपणार होती, त्याच दिवशी मिलने काढलेला आमचा मेडिक्लेमही संपणार होता. हे त्यांना ठाऊक होतं. त्यावरचा उपायही त्यांनी माझ्याशी न बोलता ठरवून टाकला होता. त्यांच्या मोठ्या बहिणीचा मुलगा विम्याचं काम करतो. निवृत्तीचा सत्कार झाला की त्याच्याकडून नवी पॉलिसी घ्यायची, असा शब्द ते देऊन बसले होते.

बाहेरच्या माणसाला या शब्दाचं वजन कळायचं नाही. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा वयाने कितीही लहान असो, दारात आला की मामा वाकतो. मिस्टरांचे गुडघे कुरकुरतात, तरी ते वाकतात. अशा भाच्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? आमच्या नात्यात किती जणांच्या कपाटात अशा भाच्यांच्या पॉलिसी पडून आहेत, त्यात काय लिहिलंय हे कोणालाही विचारू नये.

मला मात्र एका गोष्टीची काळजी होती. मिस्टरांना शुगर आहे, बीपी आहे. गोळ्या ते जेवणाच्या डब्यासोबत मिलमध्ये नेऊन खायचे, कारण घरी पाहुण्यांसमोर गोळी खाणं त्यांना कमीपणाचं वाटतं. म्हातारपणी आजार येणार तो याच वाटेने येणार. नवी पॉलिसी याच आजारांना नाही म्हणत असेल, तर ती काय कामाची?

निवृत्तीला दोनेक महिने असताना भाचा गोंदियाजवळच्या गोरेगावला आमच्या घरी आला. पाया पडणं झालं, पोहे झाले. त्याने एक गुळगुळीत कागद पसरला. त्यात चष्म्याचे पैसे होते, वर्षातून एक तपासणी फुकट होती.

मी विचारलं, "शुगर-बीपीतून काही झालं, तर पहिल्या दिवसापासून पैसे देते का कंपनी?"

"मामी, ते लिवाचंच कायले? लिवलं तर मेडिकल करा लागते, हप्ता वाढते. गोळीच तर खातेत मामाजी. कोणाले कोणाले नाई बीपी आता?"

मिस्टर मान हलवत होते. भाचा बोलत असताना ते नेहमीच मान हलवतात.

"आणि लिहिलं तर?"

"मंग त्या आजारासाठी काही वर्षं थांबा लागते. म्हणूनच म्हणून राहिलो न."

त्या दिवशी मी विषय वाढवला नाही. आधी माहिती काढायची होती.

त्याच आठवड्यात मी मिस्टरांच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला गोंदियाच्या एका दवाखान्यात गेले. विम्याच्या खिडकीशी माझ्याच वयाची एक बाई उभी होती. तिचा नवरा आत भरती होता आणि कंपनीने पैसे नाकारले होते.

खिडकीतला माणूस तिला समजावत होता, "भाभी, शुगर पहले से थी, तो लिखाया क्यों नहीं?"

"एजंट बोला, जरूरत नहीं."

"तो अब एजंट को बुलाओ, बिल वही भरेगा."

तो टोमणा तिला कळला की नाही कोण जाणे. तिने खरंच पर्समधून फोन काढला आणि एजंटचा नंबर शोधायला लागली. मी रिपोर्ट घेतला आणि बसस्टँड गाठला. बसमध्ये बसेपर्यंत माझं ठरलं होतं. खोटं लिहायचं नाही, आणि खरं लिहून वर्षानुवर्षं वाट बघायचीही नाही. यातून तिसरा रस्ता शोधायचा.

रस्ता सापडला तो मिलच्या जुन्या पॉलिसीतच. मी त्याच कंपनीला फोन लावला. बराच वेळ नुसतं संगीत वाजत होतं. मी फोन ओट्यावर ठेवला आणि लाखोळीची भाजी निवडत बसले. शेवटी एक मुलगी बोलली. तिला मी एकच प्रश्न तीनदा फिरवून विचारला. उत्तर तिन्ही वेळा सारखंच आलं. मिलची पॉलिसी चालू असतानाच अर्ज केला, तर त्याच कंपनीची पॉलिसी आम्हा दोघांच्या नावावर घेता येत होती, आणि मिलमध्ये विम्याखाली काढलेली वर्षं वाट पाहण्याच्या मुदतीत धरली जाणार होती. म्हणजे शुगर-बीपीसाठीची वाट आमची नकळत कधीच पाहून झाली होती. मात्र शेवटचा दिवस उलटला की ती वर्षं गेली. भाच्याची पॉलिसी सत्कारानंतर घ्यायची होती. म्हणजे हातची वर्षं फेकून पुन्हा शून्यावरून सुरुवात.

हे मी मिस्टरांना सांगितलं. त्यांना सगळं पटलं, तरी ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण भाच्याले नाई कसा म्हणू?"

"मिलमध्ये धानाचं पोतं घेताना काय करत होते तुमी? वरचा धान पाहून घेत होते का?"

"नाई. परखीची नळी खुपसून मधातला काढत होतो."

"मंग इथं काऊन वरचं चित्र पाहून सही करून राहिले?"

तरी ते नकार द्यायला तयार झाले नाहीत. मग तो मीच द्यायचं ठरवलं. पुढच्या रविवारी भाच्याला जेवायला बोलावलं. जेवण चांगलं केलं. पानावरून उठल्यावर त्याला पाटावर बसवलं, नवा शर्टपीस आणि दक्षिणा हातात दिली, आणि मिस्टरांसमोरच बोलले.

"भाच्याले आपण देतो. भाच्याकडून घेत नाई. बरोबर न?"

"बरोबर," मिस्टर म्हणाले. रिवाजाच्या बाबतीत ते पक्के आहेत.

"मंग त्याच्या हातची पॉलिसी कशी घेता? उद्या तुमी दवाखान्यात पडले, पैसे आले, तर ते भाच्याच्याच हातून आले. चालते का तुमाले?"

मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं. भाचा मात्र हसत सुटला.

"मामी, तुमी वकील व्हाले पाहिजे होत्या."

मग मी त्याला खरं कारणही सांगितलं. माणूस वाईट नाही. म्हणाला, "वर्षं धरतेत तर सोडू नका, मामाजी. मी सांगाले पाहिजे होतं. पण मग माह्याकडची गेली असती न."

"गेलीच न आता," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अर्ज केला. शुगर लिहिली, बीपी लिहिलं, गोळ्यांची नावं लिहिली. चष्म्याच्या पैशांची सोय घेतली नाही. दवाखान्यातल्या खोलीच्या भाड्यावर मर्यादा नको म्हटलं, कारण नागपूरच्या खोल्यांचे भाव मी ऐकून होते. प्रत्येक बिलातला हिस्सा आपण भरायचा, अशी एक स्वस्त सोय होती, ती नाकारली. बिल किती होईल हेच माहीत नसेल, तर हिस्सा किती होईल हे कोण सांगणार? हप्ता भाच्याच्या कागदापेक्षा जास्त होता. तो मी डोळे उघडे ठेवून भरला. सत्काराच्या दिवशी मिस्टरांच्या खांद्यावर शाल पडली, तेव्हा नवी पॉलिसी घरात आलेली होती.

वर्षही झालं नव्हतं. एका सकाळी अंगणात दात घासता घासता मिस्टर छाती धरून बसले. गोंदियाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि तशीच गाडी नागपूरला घ्यायला सांगितली. तिथे हृदयाच्या नळीतला अडथळा काढायला त्यांना आत नेलं, आणि मला विम्याच्या टेबलावर बसवलं. कंपनीने विचारणा पाठवली होती: बीपी आणि शुगर कधीपासून?

टेबलावरच्या बाईने हळू आवाजात विचारलं, "काय लिहू, मॅडम?"

"खरं लिहा. त्यांच्याकडे अर्जात आधीपासून आहे ते."

तिने लिहिलं. मी तिथून हलले नाही. दुपार कलायच्या आत मंजुरी आली. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. मी दोनदा वाचली, मग कँटीनमध्ये गेले आणि सकाळपासूनचा चहाचा पहिला घोट घेतला. भीती होतीच, पण त्या घोटाला जिंकल्याची चव होती. ती मी कोणाला सांगितली नाही आणि लपवलीही नाही.

संध्याकाळी मिस्टरांना शुद्धीत पाहिलं. अंगाला तारा, तोंड सुकलेलं.

"काय म्हणते कंपनी?" त्यांनी विचारलं.

"हो म्हणते."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "मंग चहा सांग."

"तुमाले आज नाई भेटत," मी म्हटलं. "माझा झाला पिऊन."